‘वावर’चा अर्थ : यंत्र, साहचर्य आणि देश

१

अनेकार्थी शब्दाचा प्रस्तुत अर्थ कोणता, हे कशावरून ठरते? भारतीय भाषाविचाराला हा प्रश्न नवा नाही. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’च्या दुसऱ्या कांडात त्याचे उत्तर एका यादीच्या रूपाने दिले आणि पुढे मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या दुसऱ्या उल्लासात, अभिधा आणि व्यंजना यांच्या सीमारेषेवर उभे राहून, ती यादी पुन्हा पुढे ठेवली. संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध येथून निघालेली ही यादी प्रकरण, लिंग, अन्य शब्दाचे सान्निध्य, सामर्थ्य, औचित्य अशी वळणे घेत अखेरीस देश, काल, व्यक्ती आणि स्वर यांपाशी पोचते. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात ती पाठ केली जाते, उत्तरपत्रिकेत उतरवली जाते आणि निकालानंतर बहुधा विसरली जाते. साहित्यशास्त्राच्या इतिहासातील एक मान्य आणि निरुपद्रवी स्थळ, एवढीच तिची ओळख उरली आहे.

हाच प्रश्न गेल्या पंचवीस वर्षांत एका अनपेक्षित ठिकाणी नव्याने उभा राहिला. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या संगणकशास्त्र विभागात २००० साली भारतीय भाषांच्या तंत्रज्ञानासाठी एक केंद्र स्थापन झाले. पुष्पक भट्टाचार्य हे त्या केंद्रातील प्रमुख संशोधक. नैसर्गिक भाषासंस्करण, म्हणजे माणसाच्या भाषेवर यंत्राकडून होणारी प्रक्रिया, आणि यंत्राचे स्वयं-अध्ययन ही त्यांची क्षेत्रे. शब्दार्थनिश्चिती, यांत्रिक भाषांतर, मतभावाचे विश्लेषण आणि उपरोधाचा शोध या विषयांवर त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी विपुल लेखन केले आहे. २०१६ साली ते संगणकीय भाषाविज्ञानाच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष होते. मराठीच्या अभ्यासकाला या संशोधनाकडे तंत्रज्ञानाची बातमी म्हणून पाहता येणार नाही. त्यात मराठी हा केवळ नमुना नाही. मराठी शब्दाला अर्थ कोणी द्यायचा, याविषयीचे काही निर्णय त्यात घेतले गेले आहेत, आणि ते निर्णय बव्हंशी मराठी विभागांच्या गैरहजेरीत झाले आहेत.

भर्तृहरीची यादी हाती धरून या निर्णयांकडे पाहिले, तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. यादीतील साहचर्याला या संशोधनाने गणिती देह दिला. देश मात्र त्या गणितात पुरता मावलेला नाही. त्याची किंमत काय, हे पुण्या-मुंबईत बसून सहज लक्षात येत नाही. अकोल्याच्या जुन्या शहरातून ते लवकर दिसते.

२

या संशोधनाचा पाया ‘वर्डनेट’ नावाच्या कोशरचनेत आहे. प्रिन्स्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९८५ च्या सुमारास इंग्रजीसाठी तिची सुरुवात केली. वर्णानुक्रमी कोशात शब्द आधी येतो आणि त्याच्या पोटात अर्थ येतात. वर्डनेटमध्ये हा क्रम उलटतो. तेथे आधी संकल्पना, आणि ती व्यक्त करणाऱ्या शब्दांचा एक पर्यायसंच. मग त्या पर्यायसंचांना एकमेकांशी बांधणारी नाती : जाती-उपजाती, अंग-अंगी, विरुद्धार्थ. पवईत प्रथम हिंदीचे वर्डनेट बांधले गेले, पाठोपाठ मराठीचे, आणि पुढे अनेक भारतीय भाषांना जोडणारे ‘इंडोवर्डनेट’ उभे राहिले. संस्कृतच्या वर्डनेटमध्ये तेथीलच संस्कृतज्ञ मल्हार कुलकर्णी यांचा सहभाग होता. तेव्हा परंपरेचे ज्ञान या कामाला परके होते असे म्हणणे अन्यायाचे होईल.

पर्यायसंच कसा बांधावा याविषयी भट्टाचार्यांनी तीन तत्त्वे मांडली आहेत. संकल्पना एकमेव ठरेल इतके किमान शब्द संचात असावेत. त्या संकल्पनेचे सर्व शब्द त्यात यावेत. आणि संचातील शब्द एखाद्या वाक्यात एकमेकांच्या जागी ठेवता यावेत. यातील तिसरे तत्त्व वाचताना साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला थबकावे लागते. शब्दालंकार आणि अर्थालंकार यांतील भेद ठरवताना मम्मटाने हीच कसोटी लावली होती. शब्द बदलूनही अलंकार टिकला तर तो अर्थाचा. बदलताच गेला तर शब्दाचा. परिवृत्ती सहन करणारा शब्द आणि न करणारा शब्द, असा हा भेद आहे. वर्डनेट परिवृत्तिसह शब्दांचा कोश आहे. काव्य मात्र परिवृत्ती न सहन करणाऱ्या शब्दांतच प्रामुख्याने राहते. याचा अर्थ वर्डनेट सदोष आहे असा नव्हे. त्याने आपली कक्षा प्रामाणिकपणे आखून घेतली आहे. पण ‘वावर’ आणि ‘शेत’ एकमेकांच्या जागी ठेवता येतात का, हा प्रश्न त्या कक्षेतही सुटत नाही. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीतील पात्रांच्या तोंडची वऱ्हाडी काढून तेथे प्रमाण मराठी बसवावी आणि कौतिकचे दुःख तेच राहील अशी अपेक्षा धरावी, तसे ते होईल.

अधिक महत्त्वाचा मुद्दा बांधणीच्या पद्धतीचा आहे. नवे वर्डनेट दोन प्रकारे घडवता येते. एक तर भाषेतील शब्दसंपदेतून स्वतंत्रपणे संकल्पना शोधून मग ती इतर भाषांशी जुळवावी. नाही तर आधी तयार असलेल्या वर्डनेटच्या संकल्पना घेऊन त्यांत आपल्या भाषेचे शब्द भरावेत. दुसरा मार्ग विस्ताराचा. तो वेगवान आहे आणि भाषा परस्परांशी आपोआप जोडल्या जातात. भारतीय भाषांसाठी मुख्यतः हाच स्वीकारला गेला. कोशकारापुढे हिंदी पर्यायसंच, त्याची व्याख्या आणि उदाहरण येते. त्याने मराठी शब्द द्यायचा. ‘खेत’ पाहताच तो ‘शेत’ लिहितो. ‘वावर’ आठवला तर तोही लिहितो. आठवला नाही, तर त्याला आठवण करून देणारे त्या पानावर काहीच नसते. केवळ एका भाषेतच असलेल्या संकल्पनांसाठी पुढे स्वतंत्र पर्यायसंचांची सोय झाली, हे नोंदवायला हवे. तरी सोय अपवादासाठी असते, आणि मूळ आराखडा हिंदीचा राहतो.

या पद्धतीला इतिहास आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला. वऱ्हाडीचा विचार त्यात आहे. त्या सर्वेक्षणात प्रत्येक बोलीच्या नमुन्यासाठी बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे भाषांतर करून घेतले जाई. तुलनेला ते सोयीचे होते. पण वऱ्हाडी बोलणारा त्यात स्वतःचे काही सांगत नव्हता. इतरत्र सांगितले गेलेले आपल्या शब्दांत सांगत होता. आशय बाहेरून यावा आणि बोलीने केवळ रूप पुरवावे, ही मांडणी ग्रिअर्सनपासून इंडोवर्डनेटपर्यंत फारशी बदललेली नाही.

३

कोश तयार झाला की खरा प्रश्न उभा राहतो. वाक्यात आलेल्या शब्दाचे कोशात चार अर्थ असतील, तर यंत्राने कोणता निवडावा? त्यासाठी त्याला असा पाठसंचय लागतो, ज्यातील प्रत्येक शब्दावर माणसाने प्रस्तुत अर्थाची खूण केलेली आहे. हे काम अत्यंत कष्टाचे आणि खर्चाचे असते. प्रत्येक भाषेसाठी ते नव्याने करणे परवडत नाही. २००९ साली मितेश खापरा, भट्टाचार्य व त्यांचे सहकारी यांनी यावर एक चतुर तोड सुचवली. हिंदीच्या खुणा केलेल्या पाठावरून मिळालेली अर्थांची प्रमाणे पर्यायसंचांच्या पुलावरून मराठीत आणावीत. एखाद्या विषयक्षेत्रात, उदाहरणार्थ पर्यटनात, कोणता अर्थ किती वेळा येतो याचे प्रमाण दोन भगिनीभाषांत साधारण सारखेच असणार, हे त्यामागील गृहीतक. ज्या भाषेजवळ साधने नाहीत तिला शेजारणीच्या साधनांवर चालवावे, हा यातील हेतू उदार आहे, आणि मर्यादित क्षेत्रात त्याला यशही आले.

‘वऱ्हाड’ हा शब्द या पुलावरून नेऊन पाहावा. मराठीत त्याचे दोन अर्थ : लग्नाला निघालेली मंडळी आणि पूर्णेच्या खोऱ्यातला प्रांत. हिंदीत पहिल्यासाठी ‘बारात’ आणि दुसऱ्यासाठी ‘बरार’. हिंदीच्या सर्वसाधारण गद्यात बारात किती वेळा येते आणि बरार किती वेळा, याची कल्पना कोणालाही करता येईल. ते प्रमाण मराठीवर ठेवले की वऱ्हाड म्हणजे लग्नाची मंडळी, असा कौल मिळतो. अकोल्यात छापल्या गेलेल्या वाक्यातही तो तसाच लागू होईल, जोपर्यंत शेजारचे शब्द त्याला अडवत नाहीत. या क्षेत्रात एक गोष्ट सर्वमान्य आहे : शब्दाचा सर्वांत अधिक वेळा येणारा अर्थ डोळे मिटून निवडावा, एवढा साधा नियमही फार हुशार पद्धतींना दीर्घकाळ भारी पडला. पवईच्या गटाने पुढे, २०१५ साली, हा बहुसंख्य अर्थ खुणांशिवाय, शब्दांच्या संगतीवरून शोधण्याची रीतही मांडली.

शब्दाची संगत हा येथे कळीचा मुद्दा आहे. झेलिग हॅरिस यांनी १९५४ मध्ये आणि जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये, वेगवेगळ्या वाटांनी, शब्द त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा असा विचार मांडला. २०१३ नंतर त्याला संख्यांचे रूप मिळाले. प्रत्येक शब्द म्हणजे काही शे संख्यांची एक माळ. ज्यांची संगत सारखी त्यांच्या माळा एकमेकींजवळ. सोस्यूरला अभिप्रेत असलेला, स्वतःत काहीही नसलेला आणि केवळ भेदांतून उभा राहणारा चिन्हाचा अर्थ असा प्रत्यक्ष मोजता येईल, हे विसाव्या शतकातील चिन्हमीमांसकांना बहुधा खरे वाटले नसते. भर्तृहरीच्या यादीतील साहचर्य आणि सान्निध्य ही दोन साधने या रीतीने यंत्राच्या हाती पूर्णपणे आली.

आता ‘वावर’. छापील प्रमाण मराठीत हा शब्द पुल्लिंगी आहे आणि त्याचा अर्थ ये-जा, उपस्थिती. बिबट्याचा वावर, कार्यकर्त्यांचा वावर, सार्वजनिक जीवनातील वावर ही त्याची संगत. वऱ्हाडात आणि इतरही काही भागांत तो नपुंसकलिंगी आहे आणि त्याचा अर्थ शेत. वावरात पऱ्हाटी उभी असते, वावर वखरले जाते, वावर विकले जाते आणि वावरापायी भाऊ भावाशी बोलत नाही. भर्तृहरीच्या यादीतील ‘व्यक्ती’ म्हणजे व्याकरणिक लिंगच. ‘मित्र’ नपुंसकलिंगी असता सखा आणि पुल्लिंगी असता सूर्य, हे मम्मटाचे उदाहरण येथे तंतोतंत लागू पडते. ‘त्याचा वावर’ आणि ‘त्याचं वावर’ यांतील भेद एका अनुस्वाराएवढा आहे. यंत्राला तो शिकता येतो. पण ‘वावरात’ या रूपात लिंग लोपते आणि निर्णय पुन्हा संगतीवर येतो. संगत छापील मजकुरातली. छापील मजकूर बातमीचा. आणि बातमीत शेताला शेत किंवा शेतजमीन म्हणतात.

४

मोर्णा नदीच्या पश्चिम काठावर अकोल्याचे जुने शहर आहे. असदखानाच्या नावाने ओळखला जाणारा असदगड, त्याच्या आसपास वाढलेल्या पेठा आणि ग्रामदैवत राजराजेश्वराचे मंदिर ही त्याची जुनी लक्षणे. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडींनी आणून या राजराजेश्वराला अभिषेक होतो. मराठी, दखनी वळणाची उर्दू, हिंदी आणि व्यापारी घरांतील मारवाडी-गुजराती येथे काही गल्ल्यांच्या अंतराने नांदतात, आणि दुकानाच्या फळीवर एकाच वाक्यात भेटतात. पाठसंचय गोळा करणारे यंत्र मात्र प्रत्येक वाक्यावर सर्वप्रथम एका भाषेचे नाव लावते : मराठी किंवा हिंदी किंवा उर्दू. ज्या वाक्याला असे एक नाव लागत नाही, ते संशयित ठरते.

या परिसरात सहज कानी पडेल असे एक वाक्य घ्यावे : ‘मी राजेश्वराले जाऊन राह्यलो.’ वऱ्हाडी माणसाला यात काही संदिग्ध वाटणार नाही. बोलणारा राजेश्वराच्या मंदिराकडे निघाला आहे, एवढाच त्याचा अर्थ. प्रमाण मराठीवर पोसलेल्या यंत्रापुढे हेच वाक्य ठेवले की तीन ठिकाणी अडते. ‘राजेश्वर’ हे पुरुषाचे नाव म्हणून त्याला अधिक परिचित आहे. ‘-ले’ हा चतुर्थीचा प्रत्यय त्याच्या यादीत नाही. शब्दाच्या शेवटी येणारे ‘ले’ त्याने केले, गेले, आले यांत, भूतकाळाचे शेपूट म्हणून पाहिले आहे. आणि ‘जाऊन राह्यलो’ याची फोड प्रमाण व्याकरणाने केली तर गेलो आणि तिथेच राहिलो, अशी होते. वऱ्हाडीत ‘-ऊन राहणे’ हे चालू क्रियेचे रूप आहे. ‘काय करून राह्यला?’ म्हणजे काय करतो आहेस? वर्तमानाचा भूतकाळ होतो, निघालेला माणूस मुक्कामी पोचतो, आणि देव माणूस होतो. यातील एकही शब्द दुर्मीळ नाही. प्रत्येक शब्द यंत्राला ओळखीचा वाटतो, म्हणून तर चूक घडते. अपरिचित शब्दापाशी यंत्र निदान अडखळले असते.

‘देश’ या साधनाचे मम्मटाने दिलेले उदाहरण येथे आठवावे. ‘येथे परमेश्वर शोभतो’ हे वाक्य राजधानीत उच्चारले गेले, तर परमेश्वर म्हणजे राजा. शब्द तेच, संगत तीच. केवळ स्थळाने अर्थ फिरवला. जुन्या शहरात याचा उलटा पाठ मिळतो : राजाचे नाव धारण करणारा येथे देव आहे. स्थळ वाक्याबाहेर असते. वाक्ये संचयात शिरतात तेव्हा ती कोठे उच्चारली गेली, हे सहसा बाहेरच गळून पडते.

पवईतील संशोधकांना मराठीच्या रूपविचाराचे भान नव्हते असे नाही. २०१० साली मराठीच्या पदांची फोड करणारी जी यंत्रणा त्यांनी मांडली, ती सामान्यरूपाच्या विचारावर उभी होती. ‘घरासमोरचा’सारख्या पदातील प्रत्ययांची चळत उलगडताना ‘घर’चे ‘घरा-’ होते आणि अशा विकारांवरून नामांचे वर्ग पाडता येतात, हे दामल्यांच्या १९११ च्या व्याकरणापासून मराठी विद्यार्थी शिकत आला आहे; त्याला यंत्राची भाषा मिळाली. अशा नियमाधिष्ठित यंत्रणेचा एक गुण आज विशेष जाणवतो. तिच्यात चतुर्थीच्या रकान्यात ‘-ला’च्या शेजारी ‘-ले’ लिहिता येतो. कोणी लिहिला नसेल, तर लिहिलेला नाही हे दिसते. वगळणूक तेथे दाखवता येते आणि दुरुस्त करता येते.

अनूप कुंचुकुट्टन आणि भट्टाचार्य यांनी २०१६ साली मांडलेली एक कल्पना तर मराठीच्या अभ्यासकाला विशेष जवळची वाटावी. परस्परसंबद्ध भाषांमधील भाषांतरासाठी शब्द हे एकक फार मोठे आणि वर्ण फार लहान. त्यांच्या मधले, एक वा अधिक व्यंजने आणि स्वर मिळून होणारे लेखनातील अक्षर हे एकक घ्यावे, म्हणजे सामाईक शब्दसंपदा आपोआप हाती लागते. अक्षरगणवृत्ते आणि ओवी-अभंगांच्या अक्षरसंख्येवर वाढलेल्या छंदःशास्त्राला या एककाची सत्यता पटवून द्यावी लागत नाही. परंतु वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो : काळा-काया, डोळा-डोया, जवळ-जवय. विठ्ठल वाघ यांच्या ‘काया मातीत मातीत’ या शीर्षकातील ‘काया’ म्हणजे देह नव्हे, हे वऱ्हाडात कोणाला समजावून द्यावे लागत नाही. गळ्यातली माळ येथे ‘माय’ होते आणि जन्म देणारीही मायच. अक्षराच्या पातळीवर समानता शोधणारे यंत्र येथे नेमके चुकीच्या शब्दाशी नाते जोडते. बोली आणि प्रमाणभाषा यांतील अंतर दोन भाषांमधील अंतरापेक्षा लहान असल्यामुळेच ते अधिक फसवे असते.

बोलल्या जाणाऱ्या भाषेवरही काम झाले आहे. शेतकऱ्याने दूरध्वनीवर पिकाचे आणि बाजारपेठेचे नाव उच्चारावे आणि त्याला भाव कळावा, यासाठी सहा भारतीय भाषांत एक संयुक्त प्रकल्प झाला. मराठीसाठी राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे आवाज टिपले गेले. कापूस आणि तूर पिकवणाऱ्या अकोल्यासारख्या जिल्ह्याला अशा यंत्राचे मोल सांगायला नको. पण अशा यंत्रणेत बोली बहुधा उच्चारकोशात शिरते. एका शब्दापुढे दोन उच्चार लिहिले, की ‘केळी’ आणि ‘केयी’ एक झाले. बोली म्हणजे प्रमाणभाषेचाच वेगळा उच्चार, ही समजूत मग यंत्रातही दृढ होते. ‘जाऊन राह्यलो’ हा उच्चारभेद नाही. तो वेगळा क्रियाव्यूह आहे, वेगळे व्याकरण आहे.

५

गेल्या काही वर्षांत चित्र पुन्हा बदलले. नियम आणि कोश मागे पडले. अवाढव्य पाठसंचय गिळून पुढचा शब्द वर्तवणारी न्यूरल प्रतिमाने आली. पुण्यातील ‘एल-थ्री-क्यूब’ या गटाने २०२२ मध्ये मराठीसाठी असा एक मोठा संचय आणि त्यावर शिकवलेली प्रतिमाने खुली केली. त्या संचयात बातम्यांचा वाटा मोठा आहे. खापरा आणि कुंचुकुट्टन यांचा सहभाग असलेल्या ‘एआय-फोर-भारत’ने २०२३ मध्ये आठव्या अनुसूचीतील सर्व बावीस भाषांसाठी भाषांतराचे प्रतिमान दिले. ही कामगिरी मोठी आहे. तिच्यामुळे मराठीला जे मिळाले ते विद्यापीठांच्या मराठी विभागांनी मिळवून दिलेले नाही, हेही मान्य केले पाहिजे.

पण ग्रामीण आणि दलित साहित्याच्या चळवळींनी निकालात काढला असे समीक्षेला वाटणारा एक वाद येथे मागच्या दाराने परत आला आहे. प्रमाण कोणते, हे आता कोणी वैयाकरण वा अध्यक्षीय भाषण सांगत नाही, वारंवारता सांगते. अनुसूचीत ‘मराठी’ एक आहे, म्हणून प्रतिमानातही ती एकच आहे. नियमांच्या यंत्रात ‘-ले’ची अनुपस्थिती दाखवता येत होती. प्रतिमानात तशी रिकामी जागा दिसत नाही. तेथे ‘मले’ हे ‘मला’चे कमी संभाव्य रूप असते, इतकेच. जुन्या शहरातील मुलाने फोनवर ‘मले’ लिहिले आणि पडद्याने ‘मला’ पुढे केले, तर त्याला कोणी रागावलेले नसते. वर्गातील मास्तरांची तांबडी खूण दिसे. तिच्यावर चिडता येई, पुढे लेखक होऊन तिला उत्तर देता येई. पडद्यावरील सूचना ही मदत असते, आणि मदतीविरुद्ध बंड करणे कठीण असते.

अर्थ चुकण्याची किंमत नेहमी इतकी सौम्य नसते. उपरोधाचा शोध हा भट्टाचार्यांच्या गटाचा एक लक्षणीय विषय. आदित्य जोशी व मार्क कार्मन यांच्यासह त्यांनी २०१८ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. वाक्याच्या अंगांतील विसंगती हेरणे हा या शोधाचा गाभा. लक्षणेची पहिली अट असलेला मुख्यार्थबाध तो हाच. वाचकाच्या डोळ्यांच्या हालचाली टिपून, उपरोधिक मजकुरावर त्यांचा मार्ग कसा गुंतागुंतीचा होतो, हेही या गटाने मोजले. मुख्यार्थ बाधित होताच वाचक मागे वळतो, हे साहित्यशास्त्राने गृहीत धरले होते. येथे ते मोजले गेले. मात्र मुख्यार्थ बाधित झाला हे कळण्यासाठी तो आधी कळलेला असावा लागतो, आणि तो देशावर अवलंबून असतो.

१३ मे २०२३ रोजी समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल उसळली. एकाचा जीव गेला, अनेक जखमी झाले, जमावबंदी लागू झाली. यंत्र असते तर हे टळले असते, असा दावा कोणी करू नये. दंगलीची कारणे भाषेपेक्षा खोल असतात. परंतु आक्षेपार्ह मजकूर वेचून काढण्याचे काम आज मोठ्या प्रमाणावर यंत्रांकडे सोपवले जाते, आणि मराठीसाठी त्याचे शिक्षण देणारे नमुनासंच २०२१ पासून, मुख्यतः ट्विटरवरील मजकुरातून, तयार होत आहेत. कोणता शब्द एका पेठेत थट्टा आणि पुलापलीकडे घाव ठरतो, कोणते नाव कोणत्या गल्लीत कोणी उच्चारल्यावर अपमान होतो, हे त्या नमुन्यांत येणे दुरापास्त आहे. साहचर्याचे गणित येथे निरुपद्रवी वाक्याला दोषी आणि दोषी वाक्याला निरुपद्रवी ठरवू शकते. राजधानीतल्या ‘परमेश्वरा’चे उदाहरण पाठांतरापुरते उरत नाही, ते अशा ठिकाणी.

६

मग करायचे काय? यंत्राला अर्थ कळतच नाही, असे म्हणून समीक्षेला अंग काढून घेता येईल. ते सोपे आहे, पण त्याने ‘मले’चे काही भले होत नाही. या संशोधनात जे उणे आहे ते बुद्धीचे नाही, पुराव्याचे आहे. आणि पुराव्याची चिकित्सा हे तर भाषा-साहित्याच्या अभ्यासकाचे जुने काम.

त्याचा एक आदर्श वऱ्हाडातच आहे. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर येथे इसवी सन १२७८ च्या सुमारास म्हाइंभटाने ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, ते आठवणी गोळा करून. चक्रधरांच्या सहवासात आलेल्या माणसांना गाठून, त्यांनी पाहिले-ऐकले ते विचारून, नागदेवाचार्यांकडून पारखून घेऊन. एकाच लीळेविषयी भिन्न आठवणी असतील तर महानुभाव परंपरेने त्या एकात विरघळवून टाकल्या नाहीत; ‘वासना’ म्हणून, पाठभेद म्हणून, शेजारी ठेवल्या. कोणाचे म्हणणे काय, याची नोंद राहिली. लीळा कोठे घडली तेही राहिले, कारण स्थानाला तेथे स्वतःचे मूल्य होते. वि. भि. कोलते यांच्यासारख्या संपादकाला सात शतकांनंतर पाठचिकित्सा करता आली ती या नोंदींच्या बळावर. पाठसंचय म्हणून पाहिले तर ‘लीळाचरित्र’ लहान आहे. पण त्यात देश आहे, काल आहे, व्यक्ती आहे, आणि अल्पमताला वेगळी जागा आहे. आजच्या संचयांत या चारही गोष्टी दुर्मीळ आहेत.

असे काम अशक्य नाही. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण हाती घेतले, त्यात गावोगावच्या भाषकांचे ध्वनिमुद्रण आणि व्याकरणिक रूपांची नोंद आहे. चालू क्रिया कोठे कशी सांगतात, चतुर्थीचा प्रत्यय कोठे बदलतो, हे त्यातून स्थळानुसार पाहता येते. भट्टाचार्यांच्या परंपरेतील संशोधकांना जे हवे ते याच प्रकारचे द्रव्य. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी ऋद्धिपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. अभिजाततेचा पुरावा देताना ‘लीळाचरित्रा’चे नाव अभिमानाने घेतले जाते, त्याची पद्धत मात्र कोणी घेत नाही.

जुन्या शहरातील एका वाक्याची नोंद कशी असावी, एवढ्यापासून प्रारंभ करता येईल. वाक्य जसे उच्चारले तसे. बोलणाऱ्याचे नाव नको, पण पेठ, वय, घरातील भाषा आणि ऐकणारा कोण ते हवे. प्रमाण मराठीतील अर्थ हवा, आणि शेजारच्या पेठेत तेच वाक्य वेगळे कळत असेल तर तो अर्थही, ‘वासना’ म्हणून. हे काम संगणकशास्त्राच्या विभागाने करावे अशी अपेक्षा धरणे गैर आहे. तेथे कोणाला ‘राजेश्वराले’ ऐकू येण्याचे कारण नाही. ज्यांच्या वर्गात वऱ्हाडी बोलणारी मुले बसतात आणि फळ्यावर भर्तृहरीची यादी लिहिली जाते, त्या वऱ्हाडातल्या मराठी विभागांचेच ते काम आहे. यादीतील ‘देश’ या शब्दाला उदाहरण म्हणून मम्मटाची राजधानी सांगून झाली की विद्यार्थ्यांना दुसरे उदाहरण त्यांच्या घरातून आणायला सांगता येते. ते लिहून ठेवण्याची व्यवस्था मात्र अजून व्हायची आहे.